घाट उतरताना न्यूट्रल की गिअर?

टायरची हवा, बेताचा वेग हे मायलेजवाल्यांना सांगायला नको. घाट उतरताना काय करायचं, यावर मात्र अजून दोन तट आहेत. उतार फुकटचा आहे, न्यूट्रल मारून सोडून द्या, हा एक. गिअरमध्येच उतरवा, हा दुसरा. आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना मी दोन्ही करून पाहिलंय.

न्यूट्रलवाल्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पाय उचलला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं, म्हणून जुन्या ड्रायव्हरांना ती सवय लागली. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो त्या आजच्या गाडीत हिशोब उलटा होतो. गाडी गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आणि इंजिन आयडलच्या (गाडी उभी असताना ते ज्या गतीने फिरतं, तिच्या) बरंच वर फिरत असलं, की इंजेक्टर पेट्रोल सोडायचेच थांबतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ताशी साधारण अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जातं. २० मिनिटांच्या उताराला धरा २०० मिली. एवढ्यावरून कुणी सवय बदलेल असं मला वाटत नाही.

माझं मत ठरलं ते ब्रेकमुळे. न्यूट्रलमध्ये वळणाआधी ब्रेक दाबायचा, वळण सुटलं की गाडी लगेच वेग घेते, की पुन्हा ब्रेक. साखरपा जवळ येईपर्यंत काच खाली केली की पॅडचा करपट वास आत येतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. पुढे एसटी आणि मागे पिकअप असताना पायाखाली हे जाणवणं मला सहन होत नाही. तिसऱ्यात, अवघड वळणाला दुसऱ्यात उतरलं की इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक वळणापुरता लागतो. आवाज वाढतो खरा, पण त्याने इंजिनाला काही होत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांचे अपघात तर पुणेकरांनी वर्षानुवर्षं पाहिलेत.

एक मात्र मान्य करावं लागेल. घाट संपल्यावर नाणीजच्या बाजूला जे हलके उतार लागतात, तिथे गिअरमध्ये गाडी लवकर मंदावते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे न्यूट्रलमध्ये ती जास्त लांब जाते, पेट्रोलही कदाचित थोडं वाचत असेल. मी तरी तिथे टॉप गिअर टाकतो. समोर म्हैस आली तर गिअर शोधत बसावं लागत नाही.

इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना कळकळीने सांगतो, असं करू नका. दोन-चारदा ब्रेक दाबला की त्याला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं.

एएमटी, म्हणजे क्लच नसलेली आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर घाटाच्या माथ्यावरच मॅन्युअल मोडला टाका. ‘डी’मध्ये बऱ्याच गाड्या उतारावर वरचा गिअर घेतात, आणि मग पुन्हा सगळा भार ब्रेकवरच येतो.