गूगल फ्लाइट्स: दूरच्या सुट्टीसाठी स्वस्त तिकिटाचा शोध

विमानभाडे शोधण्याचे तंत्रज्ञान बनवणारी आयटीए सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतल्यावर गूगलने २०११ मध्ये सुरू केलेली ही विमान तिकिटांचे भाव शोधण्याची सेवा मी लांब पल्ल्याच्या प्रवासाआधी नेहमी वापरतो. तिचे खरे सामर्थ्य तारखांच्या तक्त्यात आहे: जाण्यायेण्याच्या तारखांच्या अनेक जोड्यांचे भाव एकाच पटावर दिसत असल्याने, सुट्टी दोन दिवस पुढे सरकवली तर किती पैसे वाचतील हे क्षणात कळते. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या बाजूला प्रत्येकी सातपर्यंत विमानतळ टाकता येतात, त्यामुळे शेजारच्या शहरातून निघणे परवडेल का, याचाही अंदाज येतो. ठिकाणच ठरले नसेल, तर नकाशावर भाव पाहता येतात. मात्र त्यात माझी एक संध्याकाळ सहज जाते.

तथापि येथे दिसणारा भाव अंतिम समजू नये. तिकीट शेवटी विमान कंपनीकडून किंवा एखाद्या मध्यस्थाकडून घ्यावे लागते, आणि एकदा सर्वांत स्वस्त दिसलेल्या मध्यस्थाच्या पानावर पैसे भरताना रक्कम चांगलीच वाढलेली मला आढळली. स्वस्त भाड्यात सामानाची बॅग बहुधा धरलेली नसते. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून केलेला प्रवास तर मी टाळतोच, कारण पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर त्याची जबाबदारी सहसा कोणतीच कंपनी घेत नाही. भावबदलाची ईमेल सूचना मात्र उत्तम चालते. गेल्या दोन्ही सहलींची तिकिटे मी तिच्याच भरवशावर, थेट विमान कंपनीकडून घेतली.