जुळे सोलापुरातलं काउन्सेलिंग सेंटर, लेकीचे 6 सेशन झाले त्याचा अनुभव

सेंटरचं नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे.

लेक 19 ची, पुण्याला फर्स्ट इयरला गेली, दिवाळीला घरी आली आणि परत जायचं नावच घेईना. बॅग भरायला काढली की छातीत धडधड, हात गार, उलटी. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, दृष्ट काढून झाली, सासूबाईंचा सिद्धरामेश्वराला नवस बोलून झाला, शेवटी फॅमिली डॉक्टरच म्हणाले एकदा सायकॉलॉजिस्टला दाखवा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला बाहेर बसवलं. म्हणजे 800 रुपये मी भरायचे आणि आत काय चाललंय ते मलाच कळायचं नाही, डोकंच फिरलं माझं. मग त्यांनी सांगितलं, मुलगी 18 च्या वर आहे, ती हो म्हणेल तेवढंच तुम्हाला सांगणार, जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. आता वाटतं त्याच्यामुळंच ती बोलली. मी आत असते तर "बरंय सगळं" म्हणून गप्प बसली असती.

7 प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, मागच्या दोन आठवड्यात कसं वाटलं त्याचा, 21 पैकी तिचे 15 आले. मी घाबरले तर मॅडम म्हणाल्या ही नुसती चाळणी आहे, यावरून आजार ठरत नाही. गोळ्या त्या देत नाहीत, गोळी लागली तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवतात, आम्हाला लागली नाही. जाणार असाल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर आधी विचारा, नुसता कोर्स करून बोर्ड लावलेले पण असतात.

मला आवडलं ते पायऱ्यांचं काम. पहिल्या आठवड्यात नुसतं स्टेशनला जायचं, प्लॅटफॉर्मवर बसायचं, धडधड वाढली तरी लगेच पळून यायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. मग पॅसेंजरनं मोहोळपर्यंत, मग कुर्डुवाडीपर्यंत माझ्याबरोबर, मग एकटी. कुर्डुवाडीहून तिनं चहाचा फोटो पाठवला तेव्हा मीच रडले, ऑफिसात.

आता तक्रार. रिसेप्शनवरची बाई पूर्ण नाव आडनाव घेऊन ओरडते. अहो सोलापूर आहे हे, नवी पेठेत शिंकलं तर सात रस्त्याला कळतं! बाहेर आमच्या गल्लीतल्या काकूच बसलेल्या, त्या पण दचकल्या. टोकन नंबर द्या म्हणून दोनदा सांगितलं, ढिम्म.

सेशन 50 मिनिटांचं, फोन करून मधेच काही विचारायची सोय नाही. एकदा रात्री दीडला तिला फार त्रास झाला तेव्हा 14416 लावला, टेलीमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलतात. पोरांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

परवा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली ती एकटीच. मॅडमना 5 स्टार, रिसेप्शनला 1. संध्याकाळची वेळ पाहिजे असेल तर आठवडाभर आधी सांगा, आणि गाडी टू-व्हीलरच न्या, पार्किंग नाही.