गव्हाणीतला टॅग रीडर: काही महिने वापरल्यावर

गव्हाणीच्या काठात अँटेना, जनावराच्या कानात बिल्ला, आणि कोण कधी आलं, किती वेळ खात होतं याची आपोआप नोंद. सिस्टिम कशी चालते ते एवढंच, म्हणून थेट तक्रारीवर येतो. हे यंत्र खाणं मोजत नाही. बिल्ला अँटेनाजवळ होता का, एवढंच मोजतं.

आमच्या एका गव्हाणीचं अँटेना असलेलं पॅनेल मधूनमधून रीडिंग सोडायला लागलं. स्क्रीनवर मात्र हिरवा दिवा. सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद, "डेटा येतोय ना, मग चालू आहे." येत होता, पण तुटक! कॅमेऱ्यात एक गोऱ्हा सलग खाताना स्पष्ट दिसतोय. तोंड गव्हाणीत, जबडा चालू, फक्त मान तिरकी आणि बिल्ल्याचा कान बाहेरच्या बाजूला. यंत्राच्या हिशेबी तो तिथे नव्हताच. १३४.२ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या बिल्ल्यांचा पल्ला मुळात तोकडा, त्यात बिल्ल्याचा कोन बदलला किंवा शेजारी लोखंडी पाईप असला की आणखी घटतो.

चार रीडिंग गळली तर काय बिघडलं, असं वाटेल. खाण्याचा एकूण वेळ थोडा कमी दिसला तर एक वेळ चालेल, पण फेऱ्यांचा, म्हणजे जनावर गव्हाणीवर किती वेळा आलं याचा, हिशेब पार कोलमडतो. दोन रीडिंगमध्ये ३०० सेकंदांहून जास्त खंड पडला की नवी फेरी, असं बरेच जण धरतात. त्यामुळे मधली पाच-सहा मिनिटं हरवली की एका फेरीच्या दोन होतात आणि दोन्ही आखूड दिसतात. श्वसनाच्या आजारात जनावराचं गव्हाणीवर येणं बाहेरची लक्षणं दिसण्याआधीच कमी होऊ शकतं. ते वेळेत कळावं म्हणून तर हा खर्च केला, आणि यंत्र ठणठणीत गोऱ्ह्याला आजाऱ्यांच्या यादीत टाकतं. उलटही होतं. नुसतं मान खाली घालून उभं राहिलेलं जनावर खाताना धरलं जातं.

कॅमेरा मी केवळ सोबतीला ठेवला होता. आता माझा जास्त भरवसा त्याच्यावर आहे. दर दहा मिनिटांचं एक चित्र काढायचं आणि कुणाची तोंडं गव्हाणीत आहेत ते मोजायचं. जनावरं एकदा खायला लागली की बराच वेळ खातात, त्यामुळे एकूण वेळेचा अंदाज सलग चित्रणाच्या बराच जवळ येतो. पाणी पिणं, ढुशा मारून दुसऱ्याला हुसकावणं मात्र दोन चित्रांच्या मधे निसटतं. त्यासाठी सलग चित्रणच पाहावं लागतं. सगळी काळी जनावरं असतील तर पाठीवर रंगाने मोठे आकडे घाला, नाहीतर रात्रीच्या चित्रणात ओळख पटत नाही. चित्रण पाहणारे दोघे असतील तर आधी एकच तुकडा दोघांनी वेगवेगळा मोजून ताळा जुळवा. कानातल्या हालचाल-सेन्सरचा मला रवंथापुरता उपयोग झाला.

शेवटी चित्रण आणि रीडिंग वेळेनुसार समोरासमोर लावून पाठवलं, तेव्हा माणूस आला. काठीला बिल्ला बांधून त्याने ती गव्हाणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. डाव्या कोपऱ्यात एकही रीडिंग नाही. पॅनेल बदलून मिळालं आणि आता नोंदी चांगल्या येतात, हे मान्य करतो.

तरी घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. कच्ची रीडिंग तुमच्या हातात मिळतात का, आणि फेरीचा खंड बदलता येतो का. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पक्का बसवलेला आहे. बदलायची सोय लेखी मागितली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.