जपानी स्टेशनांतली जेवणं : कुठे थांबावं, कुठे नको

जपानमध्ये रेल्वेने फिरणाऱ्याने नावाजलेल्या रेस्टॉरंटांच्या आरक्षणामागे धावायची फारशी गरज नाही. मोठ्या स्टेशनांत मिळणारं जेवण खरोखर उत्तम असतं. फसगत होते ती बहुधा वेळेमुळे, नाहीतर तिकीट-गेटमुळे.

टोकियो स्टेशनचंच बघा. शाकाहाऱ्यांसाठी तिथला पहिला थांबा म्हणजे केइयो स्ट्रीटवरचं 'टीज तानतान'. इथल्या रामेनमध्ये, म्हणजे रश्शातल्या नूडल्समध्ये, मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीही नसतं. तीळ घातलेला दाटसर, तिखट 'तानतान' रामेन मागवावा. हे दुकान जेआरच्या (जपान रेल्वेच्या) तिकीट-गेटच्या आत, पण शिंकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) वेगळ्या गेटच्या बाहेर आहे. म्हणजे आधी जेवायचं आणि मग शिंकानसेनच्या गेटातून आत जायचं. घाईघाईने आधीच आत गेलात तर हे जेवण हुकलं. त्या दिवशी प्रवास नसेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढून जाता येतं, पण ते दोनच तास चालतं.

'टोकियो रामेन स्ट्रीट' मात्र याएसू बाजूच्या तळघरात, गेटच्या बाहेर आहे. तिथल्या 'रोकुरिनशा'पुढे जेवणाच्या वेळी लांब रांग असते. गाडीला तासाभराहून कमी वेळ उरला असेल तर तिथे उभंच राहू नये. इथे त्सुकेमेन मिळतं : जाड नूडल्स वेगळ्या, घट्ट रस्सा वेगळा, बुडवून खायचं. रस्सा डुकराच्या हाडांचा आणि माशांचा, भलताच खारट, त्यामुळे तो तसाच पिऊ नये. नूडल्स संपल्या की 'सूप-वारी' म्हणावं, रस्सा पातळ करून मिळतो.

गाडीत खायचं असेल तर 'एकिबेनया मात्सुरी'. पहाटे साडेपाचला उघडणारं हे दुकान देशभरातले रेल्वे-डबे विकतं, आणि गाजलेले डबे दुपारपर्यंत संपू शकतात. सेंदाईचा गाईच्या जिभेचा डबा दोरी ओढून गरम होतो : तळाशी कळीचा चुना आणि पाणी एकत्र येतं आणि काही मिनिटांत भात वाफाळतो. ओढण्याआधी डबा सपाट ठेवावा, वाफ बाहेर पडते तिथे हात नेऊ नये. बाकीचे बहुतेक डबे थंडच खायचे असतात. वेष्टनावर तारखेबरोबर तासही छापलेला असतो, तो पाळावा. शिंकानसेनमध्ये खाणं अगदी रीतीचं, गर्दीच्या लोकल गाडीत नाही.

क्योतो स्टेशनच्या दहाव्या मजल्यावरची रामेन गल्ली ठीकठाक, पाऊस असेल तर जावं. त्यापेक्षा त्याच इमारतीतल्या इसेतान या मोठ्या दुकानाच्या तळघरातला खाद्यविभाग सरस. दुकान बंद व्हायच्या तास-दीड तास आधी तयार जेवणांवर सवलतीचे स्टिकर लागू लागतात, शेवटी कधी अर्ध्या किमतीपर्यंत. मात्र तोवर चांगलं सुशी उरेलच असं नाही.

हिरोशिमाकडे जाणाऱ्यांनी मियाजिमागुची स्टेशनला उतरून मियाजिमा बेटाच्या फेरीबोटीकडे जाताना 'उएनो'चा अनागोमेशी घ्यावा. सागरी वाम, गोडसर सॉस आणि त्याच माशाच्या अर्कात शिजवलेला भात. १९०१ पासून हे दुकान हाच पदार्थ करतंय. बसून खायला थांबावं लागतं, डबा पटकन मिळतो, आणि भात थोडा निवल्यावर चव उलट मुरते. त्यामुळे या यादीतली माझी पहिली पसंती हीच.

उदोन किंवा सोबा नूडल्स किंवा मिसो सूप 'भाज्यांचं' दिसलं तरी दाशीत, म्हणजे त्यांच्या मूळ रश्शात, बहुतेक वेळा बोनिटो मासा किंवा सुके छोटे मासे असतात. तयार जपानी करी मसाल्यातही बऱ्याचदा गोमांसाची चरबी असते. 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण दाशीला मांस कोणी धरत नाही. 'दाशीही नको' असं वेगळं सांगावं, आणि त्यावर वेटर गोंधळला तर दुसरं दुकान गाठावं.

बरीच छोटी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन पाचनंतर उघडतात, आणि शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधीच घेतात. टिप देऊ नये. बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८. काही दुकानांत जेवणाची ऑर्डर दारातल्या तिकीट-यंत्रावर द्यायची असते, त्यासाठी हजार येनच्या नोटा जवळ ठेवाव्यात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी यंत्रं परत बाहेर ढकलतात, तेव्हा थोडी नाणीही असू द्यावीत.