बेळगावात राहून एडीएचडीची थेरपी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मोठ्या वयात एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि काम वेळेत लावणं लहानपणापासूनच अवघड जाण्याचा विकार) असल्याचं कळलं तर बेळगावात निदान, औषध आणि थेरपी एकाच दारात मिळेलच असं नाही. मला मिळालं नाही. माझं निदान आणि औषध इथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे चालतं आणि थेरपी पुण्यातल्या एका बाईंकडे, व्हिडिओ कॉलवर, मराठीतून. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली, अजून चालू आहे, आणि मला त्याचा खरोखर उपयोग झाला आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी बिलं आणि डिस्पॅचचे कागद बघते. वय पस्तिशीच्या पुढे.

शाळेत मी दंगा करणारी नव्हते, खिडकीबाहेर बघत बसणारी होते. अशा मुलींचा कुणाला त्रास होत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी आईला सोबत आणायला सांगितलं आणि जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. त्याचं कारण असं की सतरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या व्यक्तीत लक्ष न लागण्याच्या 9 लक्षणांपैकी निदान 5 असावी लागतात, त्यातली काही वयाच्या 12 वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात, आणि त्रास घरी व कामावर अशा दोन्हीकडे असावा लागतो. थायरॉईडची तपासणी झाली, झोपेबद्दल बारीक चौकशी झाली, कारण त्यांच्या बिघाडानेही लक्ष उडतं. मोबाइलवरची प्रश्नावली भरून कुणी दहा मिनिटांत निदान देत असेल तर तिथून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आई सुरुवातीला म्हणत होती, "अगं, तुला काय झालंय? चांगली शिकलीस, नोकरी करतीस की." पण डॉक्टरांसमोर बसल्यावर माझ्या हरवलेल्या डब्यांपासून अर्धवट टाकलेल्या शिवणकामापर्यंत सगळं तिनेच सांगितलं.

थेरपिस्ट शोधणं याहून अवघड गेलं. पहिल्या ठिकाणी ध्यान करा, मोबाइल कमी करा, पहाटे उठा, एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्या बाई मनापासून ऐकायच्या, पण कन्नड आणि इंग्रजीतून. कामापुरतं कन्नड मला येतं, लॉरीवाल्यापासून सरकारी कचेरीपर्यंत मी निभावते. पण नवऱ्याशी कशावरून भांडण झालं, विसरले की स्वतःला काय काय बोलते, हे सांगताना माझ्या तोंडून कचेरीतल्यासारखी कोरडी वाक्यं यायची. थेरपी आपल्या भाषेत व्हावी, हा हट्ट नाही, उपचाराची गरज आहे. सीमाभागातल्या माणसाने ती मागताना अवघडू नये.

म्हणून पुढच्या प्रत्येक फोनवर मी आधीच विचारायला लागले: मोठ्या माणसांच्या एडीएचडीवर तुम्ही काम केलंय का, दोन भेटींच्या मध्ये काय करायला देता, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) तुमची नोंदणी आहे का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची ही नोंदणी असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लिहू शकतो. सध्याच्या बाईंनी पहिल्याच फोनवर नोंदणी क्रमांक सांगितला आणि "औषधाचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला, ते माझ्या कक्षेत येत नाही" असंही सांगितलं. माझा विश्वास तिथे बसला.

औषधाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं औषध आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि सगळ्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देता येत नाही. म्हणजे बोलणारी व्यक्ती पुण्यात असली तरी चालते, पण औषध देणारा डॉक्टर जवळ, प्रत्यक्ष भेटणाराच हवा. मला भूक कमी लागायला लागली, म्हणून जेवणाच्या वेळा बदलल्या. रक्तदाब आणि नाडी दर भेटीत बघतात.

थेरपीत बालपण उकरत बसलो नाही. पहिले कित्येक आठवडे फक्त वेळ या विषयावर गेले. मला पाच मिनिटं आणि पाऊण तास यांतला फरक आतून जाणवत नाही, म्हणून तो बाहेर मांडायचा: टेबलावर काट्याचं घड्याळ, बिलांच्या गठ्ठ्याचे तीन तुकडे, पहिल्या तुकड्यावर फक्त तारखा तपासायच्या. कंटाळवाण्या कामाला शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना सोबत बसायला सांगायचं, त्या त्यांचं काम करतात, मी माझं. हे सगळ्यात जास्त टिकलं. रंगीत डायरी आणि मोबाइलमधली यादी टिकली नाही. गणपतीत पाहुणे आले आणि पूर्ण घडी मोडली. तेव्हा बाईंनी सगळं परत सुरू करायला लावलं नाही, फक्त घड्याळ टेबलावर परत ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत बाकीचं आपोआप मागे आलं.

उणं सांगायचं तर एकत्र कुटुंबात दार लावून बोलायला खोली मिळत नाही. मी वडगावला मावशीच्या घरी जाऊन सेशन करते. दर सेशनला हजाराच्या वर जातात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलंय, पण पॉलिसीत ओपीडी (दवाखान्यात भरती न होता घेतलेले उपचार) नसेल तर हा खर्च खिशातूनच जातो. ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा साधारण 80 किलोमीटरवरच्या धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत आधी निदान करून घ्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून रात्रंदिवस मोफत चालतो, भाषा निवडता येते. त्यावर एडीएचडीची पूर्ण थेरपी होत नाही, पण कुठे जायचं हे विचारता येतं.

आता आम्ही पंधरवड्यातून एकदा बोलतो. मार्चअखेरचं काम कसं तोडायचं हे पुढच्या वेळी ठरणार आहे. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडे मराठीतून मोठ्यांच्या एडीएचडीवर काम करणारं कुणी असेल तर मला नक्की कळवा. माझ्या ओळखीच्या दोघीजणी शोधात आहेत, आणि त्यांच्या घरी व्हिडिओ कॉल जमण्यासारखा नाही.