ॲप म्हणतं १,६९६ रुपये वाचले

गेल्या वर्षी केंद्राच्या सूर्यघर योजनेतून गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनल बसवले. ७८ हजारांची सबसिडी जमा झाली आणि बसवणाऱ्या कंपनीचा मुलगा जाता जाता माझ्या फोनवर त्यांचं ॲप टाकून गेला. म्हणाला, "ताई, आता सगळा हिशोब यातच." मी सांगलीत एका पतसंस्थेत वीस वर्षं खतावण्या जुळवते, त्यामुळे हिशोब म्हटल्यावर मी खोलात शिरणारच.

ॲप दिसायला देखणं आहे. सकाळी चढू लागलेली पिवळी रेघ, दुपारचा कळस, ढग आला की खड्डा. मे महिन्यात उन्हं कडक असूनही रोजची दीड-दोन युनिटं कमी पडताना यातच दिसली, म्हणून हे गच्चीवर गेले. शेजारच्या बांधकामाची सिमेंटची धूळ बसली होती. याचा एक तारा मी बिनतक्रार देते.

रडगाणं पुढे आहे. जुलैच्या बिलाच्या काळात ॲपने सांगितलं, २१२ युनिटं तयार झाली, १,६९६ रुपये वाचले. म्हणजे सरसकट आठ रुपयांनी गुणलंय. ॲपला आकडे मिळतात इन्व्हर्टरकडून, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्याकडून, आणि त्याला कळतं फक्त पॅनलने किती वीज केली ते. महावितरणकडून किती आली आणि त्यांच्याकडे बाहेर किती गेली हे दारातल्या, दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या नेट मीटरला ठाऊक. मीटरप्रमाणे १३१ युनिटं बाहेर गेली, म्हणजे ८१ घरात वापरली, वर महावितरणकडून ११८ घेतली. एकूण वापर १९९. पॅनल नसते तर यातल्या पहिल्या शंभरांना स्वस्त दर लागला असता, पुढच्यांना महाग. दिलेल्या १३१ मधून घेतलेली ११८ वजा करून उरलेली १३ युनिटं पुढच्या महिन्यात जमा. ती ॲपने आताच रोख धरली! आमच्याकडे ठेवीची रक्कम कुणी नफ्यात लिहिली तर ऑडिटर खुर्चीतून उठेल. आणि बिल शून्यही येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. त्याचा ॲपमध्ये उल्लेख नाही.

शिवाय ॲपचा महिना एक तारखेला सुरू होतो, आमचं रीडिंग १४ च्या आसपास घेतात. मधल्या तारखा निवडायची सोय नाही. वरची २१२ युनिटं मी एकेक दिवस उघडून कागदावर बेरीज केलीत.

मराठीचं बटण दाबलं तर विजेच्या 'लोड'चं शब्दशः भाषांतर होऊन 'घरातील ओझे १.२ किलोवॅट' असं येतं. ओझं म्हणजे कोण, असं ह्यांनी लगेच विचारलं. लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तसंच हवं. पण ॲप लाल पट्टी लावून 'बिघाड' ओरडतं. सासूबाईंनी दोनदा देवापुढे दिवा लावला. प्रदूषण किती वाचलं ते झाडांत मोजून 'तुम्ही इतकी झाडे लावलीत' हे मात्र रोज न चुकता. आमच्या दारात शेवगा एकच आहे.

मला हवे आहेत तीन आकडे: घेतलेली युनिटं, दिलेली युनिटं, शिल्लक. आणि फेब्रुवारीत एक आठवण, कारण ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा हिशोब मिटवतात, एप्रिलला खातं पुन्हा कोरं.

पाचपैकी अडीच तारे. पॅनल चालतायत का हे बघायला ठेवा. बिलासाठी मी मीटरशेजारी खिळ्याला वही टांगली आहे.