बोटाखाली उमटणारी रेघ: उठावरेषेच्या पाटीचं परीक्षण

अंध मुलाच्या हातात साधा कागद आणि पेन्सिल दिली, तर त्यानं काढलेलं त्याचं त्यालाच सापडत नाही. ते चित्र फक्त बघणाऱ्याचं राहतं. मूल काय सांगत होतं, ते बघणाऱ्यानं ठरवायचं आणि मुलानं मान डोलवायची, असा तो एकतर्फी कारभार होतो. उठावरेषेची पाटी इथे खरी कामाला येते. काढणारा आणि वाचणारा दोघांनाही ती एकच रेघ बोटाखाली देते.

वस्तू अगदी साधी आहे. ए-फोर कागदापेक्षा जराशी मोठी टणक पाटी, तिच्यावर चिकटवलेलं रबर, कडेला क्लिपा, पातळ प्लास्टिक फिल्मचे ताव आणि एक बॉलपेन. रबरावर फिल्म ठेवून पेन दाबत नेलं की खालचं रबर दबतं, फिल्म ताणली जाते, आणि पेन पुढे सरकलं की ताणलेला भाग सुरकुती पडल्यासारखा वर उठून राहतो. रेघ पांढुरकी होते, त्यामुळे शेजारी बसलेल्या डोळस माणसालाही ती दिसते.

उठाव वरच्याच बाजूला येतो, जिथे पेन होतं तिथेच. हा या पाटीचा सगळ्यात मोठा गुण. शिंप्याच्या दातेरी चाकानं जाड कागदावरही उठाव येतो, पण तो मागच्या बाजूला आणि उलटा. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहिणं मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं हे खरं. पण ठरावीक टिंबं उलटी टोचणं वेगळं आणि मनातलं घर उलटं काढणं वेगळं. शिवाय दर दोन रेघांनी कागद पालटून चाचपायचा म्हटलं की सांगण्याची लय तुटते.

पाटी घेताना सगळं लक्ष रबराकडे द्या. नखानं दाबून बघा: खळगा सहज पडला पाहिजे आणि बोट उचलताच भरून आला पाहिजे. रबर टणक असेल तर फिल्म ताणलीच जात नाही, रेघ फक्त दिसते, लागत नाही. फार मऊ फोम असेल तर पेन रुततं आणि फिल्म फाटते. जुन्या पाटीचं रबर कडक होतं, मधूनच तडकतं. अशा वेळी पाटी टाकायची गरज नाही, रबर बदललं की झालं. परीक्षेच्या पॅडवर रबरी शीट चिकटवून घरी केलेली पाटीही चांगली चालते. जुना माउसपॅड छोट्या चित्राला पुरतो.

पेनाचं टोक गोल हवं. रिकामी रिफिल असेल तर उत्तम, कारण शाई फिल्मवर पसरते, बोटांना लागते आणि पुढच्या रेघांवर ओढली जाते. कंपासचं टोक किंवा ब्रेलचा स्टायलस (टिंबं टोचायची टोचणी) इथे वापरू नये, भोकं पडतात. पेन बरंचसं उभं धरायचं. आडवं धरलं की ते फिल्म ओढतं, मग सुरकुत्या नको तिथे पडतात.

पहिल्या दिवशी चित्र काढायला लावू नका. आधी नुसत्या रेघा: या कडेपासून त्या कडेपर्यंत, हळू, एकसारख्या दाबानं. एका हातात पेन, दुसऱ्या हाताची तर्जनी पेनाच्या मागून साधारण एक सेंटीमीटरवर. हे अंतर महत्त्वाचं. बोट फार जवळ आलं तर पेनाला अडतं, फार मागे राहिलं तर वळण कुठे घेतलं ते कळत नाही. मग बंद आकार. गोल काढताना हमखास होणारी चूक म्हणजे शेवट सुरुवातीला भेटत नाही, गोलाची गोगलगाय होते. यावर सोपा उपाय म्हणजे सुरुवातीच्या जागी एक टिकली चिकटवायची. मोकळ्या हाताचं बोट टिकलीवर ठेवून पेन फिरवत त्या बोटापर्यंत परत यायचं. तावाचा उजवीकडचा वरचा कोपरा कापून ठेवला की वर-खालचा घोळही होत नाही.

दोन रेघांत निदान तीन मिलिमीटर मोकळे ठेवा. त्याहून जवळच्या रेघा बोटाला एकच जाड रेघ वाटतात. म्हणूनच छापील चित्र तावाखाली ठेवून जसंच्या तसं गिरवून देणं फसतं. डोळ्याला सुंदर दिसणारा मोर बोटाखाली नुसती खरखर होऊन बसतो. तपशील गाळा, आकार मोठा करा.

आता या पाटीवर काय सांगता येतं ते पाहू. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अशाच फिल्मवर अंध व्यक्तींकडून चित्रं काढून घेतली. वस्तूची कड रेघेनं दाखवणं ही फक्त डोळस माणसांची रीत नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्यांनीही फिरतं चाक दाखवायला आरे वाकडे काढले. चाक वाकडं नसतं हे काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरी गती सांगायला तो आरे वाकवतो. ही चित्राची भाषा झाली. टेबलाचं तसंच. चौकोन आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून चार दिशांना गेलेले पाय. हाताला टेबल तसंच भेटतं: वरची फळी एका तळव्यात, पाय चारी बाजूंना. हे चित्र ‘चुकलं’ म्हणून खोडू नका, त्यात त्याचं टेबल पूर्ण आहे.

वाचतानाही शिस्त लागते. आधी दोन्ही तळवे सगळ्या तावावर फिरवायचे, मग बोटं रेघेवर. मुलाचा हात धरून ओढू नका. तुमचा हात खाली आणि त्याचा वर असू द्या, म्हणजे थांबायचं कुठे ते तो ठरवतो. ‘हे काय काढलंस?’ यापेक्षा ‘सुरुवात कुठून केलीस?’ हा प्रश्न चांगला. उत्तर देताना बोट रेघेवरून चालू लागतं आणि गोष्ट आपोआप बाहेर येते. फाटकापासून वर्गापर्यंतची वाट, घरातल्या खोल्या, कबड्डीचं मैदान ही सुरुवातीला उत्तम. रांगोळी तर हक्काची: पीठ हात लागताच मोडतं, फिल्मवर पाच बाय पाच ठिपके काढून तेच जोडता येतात आणि मोडत नाहीत.

त्रुटीही आहेत. खोडता येत नाही. नखानं घासून रेघ थोडी बसते, पण पूर्ण जात नाही. चुकलं की नवा ताव. फिल्मवर ब्रेल टोचलं तर ती फाटू शकते, म्हणून नावं वेगळ्या जाड कागदावर लिहून चिकटवावी लागतात. सेरेब्रल पाल्सीमुळे हाताचा दाब आवरत नसेल तर ताव फार वाया जातात. पेनाला स्पंज गुंडाळून पकड जाड केली की थोडा फरक पडतो. मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या मोठ्या माणसांच्या बोटांची संवेदनाही काही वेळा कमी झालेली असते, त्यांना ही बारीक रेघ लागत नाही. त्यांच्यासाठी लोकर आणि वेल्क्रोचा फळा बरा. तिथे रेघ जाड असते आणि उचलून पुन्हा मांडता येते.

स्वस्तातला पर्याय हवा असेल तर पुठ्ठ्यावर डासांची जाळी ताणून बसवा, वर साधा कागद, आणि मेणखडू दाबून चालवा. मेण जाळीच्या खुणांवर बसतं आणि दाणेदार रेघ उमटते. पाटीइतकी ठळक नाही, पण लगेच लागते. कडेला जाळीच्या तारा उघड्या ठेवू नका, टेप लावा. डिंकाच्या बाटलीनं रेघा काढायचा मार्ग मात्र सोडा. डिंक ओला असताना हात लावता येत नाही आणि वाळल्यावर बसतो. थ्रीडी आउटलाइनर (नळीतून उठावाची रेघ काढायचा रंग) उठून राहतो, पण सुकायला काही तास घेतो. शिक्षकानं आदल्या दिवशी आकृती करून ठेवायला तो छान, मुलानं बोलता बोलता काढायला नाही.

खर्चाचं गणित पाटीवर मांडू नका, फिल्मवर मांडा. पाटी एकदाच लागते. फिल्म शिकताना रोज चार-पाच ताव सहज खाते, म्हणून ऑर्डर देण्याआधी सुट्या तावाचा भाव आणि नंतर फिल्म मिळत राहील का, ते विचारा. काढलेले ताव पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवू नका, उठाव बसतो. दोरीला चिमट्यानं अडकवून ठेवा, मुलांच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर. आणि दुकानात नमुन्याचा ताव मिळाला, तर ज्याला पाटी वापरायची आहे त्याच्याच हातून तिथल्या तिथे एक रेघ काढून घ्या, आणि ती लागते का ते त्यालाच विचारा.